जुन्या गाडीची कूलिंग यंत्रणा घरच्या घरी दुरुस्त करताना

घाटात तापमानाचा काटा वर चढू लागला, की गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडून ठेवायचे, थोड्या वेळाने बाटलीभर पाणी ओतायचे आणि पुढे निघायचे, ही कोकणातल्या अनेक जुन्या गाड्यांच्या मालकांची रीतच होऊन बसली आहे. अशाने गाडी घरी पोहोचते, हे खरे. पण कूलिंगची यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातले पाणी आपोआप कमी होत नाही, त्यामुळे ते गेले कुठे, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही. नवशिक्याने एवढे एक पक्के मनात धरावे की आधी कारण शोधायचे आणि मगच भाग विकत घ्यायचा. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट असे एकेक बदलत जाणाऱ्याचा खर्च वाढत जातो आणि मूळ दोष बहुधा शंभर-दोनशे रुपयांच्या झाकणात किंवा क्लिपमध्ये निघतो.

हा लेख मारुती ८००, ओम्नी, सुमो, जीप अशा साध्या बांधणीच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. १९८३ साली आलेली मारुती ८०० सन २०१४ पर्यंत तयार होत होती, त्यामुळे तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि या कामाचा श्रीगणेशा करायला ती उत्तम गाडी आहे.

यंत्रणेचे काम

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता पाण्यातून बाहेर काढावी लागते. वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये बरेच जण ‘वॉटर बॉडी’ म्हणतात, हे पाणी इंजिनाच्या ब्लॉकमधून (खालच्या मुख्य भागातून) आणि हेडमधून (त्यावर बसवलेल्या भागातून) फिरवतो. तापलेले पाणी वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये जाते, तिथल्या बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपने परत इंजिनाकडे येते. इंजिन गार असताना ही वाट थर्मोस्टॅट बंद ठेवतो. त्याच्या पोटातले मेण साधारण ८२ अंश सेल्सिअसला (काही गाड्यांत ८८ अंशांना) वितळून फुगू लागते आणि झडप उघडते.

रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र फारसे कुणी गांभीर्याने पाहत नाही. ते नुसते बूच नसून दाब धरून ठेवणारी झडप आहे. झाकणावर ०.९ असा आकडा कोरलेला असेल, तर ते आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बारने जास्त होऊ देते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मेली, की ही अठरा अंशांची सवलत संपते आणि बाकी सगळे ठाकठीक असूनही चढणीवर पाणी उकळते. त्याच झाकणाच्या मध्यभागी एक लहानशी उलटी झडप असते. इंजिन निवताना ओव्हरफ्लोच्या बाटलीतले पाणी तिच्यातून परत आत ओढले जाते. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा पडलेला दिसला, तर ही झडप चिकटली आहे, असे समजावे.

किनाऱ्यावरच्या गाडीचे वेगळे दुखणे

सावंतवाडीहून आंबोलीला जाताना गाडी जवळजवळ साडेसहाशे मीटर वर चढते. आंबा, कुंभार्ली, फोंडा, करूळ या घाटांतही तशीच स्थिती असते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जोरात, पण वेग कमी असल्यामुळे रेडिएटरला समोरून वारा बेताचाच मिळतो. यंत्रणेची खरी परीक्षा इथे होते. दुसरी परीक्षा गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावरच्या कोंडीत होते, कारण तिथे सगळा भार एकट्या पंख्यावर असतो.

खारी हवा तीन ठिकाणी नुकसान करते. रेडिएटरच्या नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या जाळीला ती खाते, साध्या लोखंडी क्लिपा गंजवते आणि पंख्याच्या वायरींच्या जोडांवर हिरवट थर चढवते. यांपैकी जाळीचा ऱ्हास सर्वांत फसवा असतो, कारण बाहेरून रेडिएटर शाबूत दिसतो आणि बोट फिरवले, की पत्र्याचा भुगा हातात येतो. नळीपासून सुटलेली जाळी उष्णता वाहून नेत नाही. अशा रेडिएटरला आतून कितीही धुतले, तरी उपयोग होत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते आणि तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये जाते. त्यातल्या क्षारांमुळे ॲल्युमिनियमच्या हेडला खड्डे पडतात आणि ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या गोल डमी आतून गंजून अचानक गळू लागतात. विहिरीचे पाणी पिण्यास गोड असले, तरी ते रेडिएटरसाठी योग्य आहे असे नव्हे. त्यासाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचे गोठण-गंजरोधक द्रव, हेच हवे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून कूलंटची गरज नाही, असे म्हणणारे गॅरेजवाले अजूनही भेटतात. त्यांचा मुद्दा गोठण्यापुरताच बरोबर आहे. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये इथे जास्त मोलाची आहेत आणि त्याने उकळबिंदू वाढतो, हा वरचा लाभ आहे.

कामाला हात घालण्यापूर्वी

तापलेल्या इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखाली असलेले पाणी झाकण सैल होताच वाफेसह उसळते आणि चेहरा व हात भाजतात. फडके धरून हळूहळू उघडले तर चालते, हा समजही धोक्याचा आहे. इंजिन बंद करून निदान दोन तास जाऊ द्यावेत, वरचा होज पाइप हाताला गार लागतो याची खात्री करावी आणि मगच झाकणाला हात लावावा. बऱ्याच गाड्यांत विजेवरचा पंखा चावी बंद असतानाही फिरू शकतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी. गाडीखाली जावे लागणार असेल, तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. भक्कम स्टँड लावावेत आणि ते चिऱ्याच्या सपाट फरसबंदीवर ठेवावेत, कारण पावसाळ्यात भिजलेल्या मातीच्या खळ्यात स्टँडचे पाय रुततात.

साहित्य मोजकेच लागते: रिंग पान्यांचा संच, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, धारदार ब्लेड, पॉलिश पेपर, पसरट टब, नरसाळे आणि गंजलेले बोल्ट सैल करणारा स्प्रे. क्लिपा मात्र स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. त्या थोड्या महाग पडतात, पण किनाऱ्यावर साधी क्लिप दोन पावसाळ्यांत स्क्रूपाशी गंजून आवळणे किंवा काढणे अशक्य होते.

दोष कसा शोधावा

गाडी केव्हा तापते, हे पाहिले तर अर्धे निदान होते. फक्त कोंडीत किंवा उभ्या गाडीत काटा चढत असेल आणि रस्ता मोकळा झाल्यावर उतरत असेल, तर पंखा पाहावा. कोंडीत ठीक आणि चढणीवर किंवा वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबला असण्याची शक्यता मोठी. सकाळी सुरू करून पाच-सात मिनिटांतच काटा वर जात असेल, तर पाणी फार कमी आहे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे.

यानंतर गार इंजिनाचे झाकण उघडून पातळी पाहावी. पाणी विटकरी रंगाचे असेल, तर आत गंज आहे. त्यावर तेलाचा तवंग असेल, तर मात्र पुढचे घरचे काम थांबवावे, कारण ते हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधले सील, फुटल्याचे लक्षण असू शकते. मग प्रत्येक होज पाइप बोटांनी दाबत जावे. चांगले रबर दाबले, की उसळून पूर्ववत होते. ज्याला चिरा दिसतात, जो लिबलिबीत लागतो किंवा टोकाशी फुगला आहे, तो बदलायचा. कोकणात महिनोन्महिने बंद राहणाऱ्या गाडीत उंदीर पाइप कुरतडतात, तेव्हा खालच्या बाजूलाही हात फिरवून पाहावा. जोडांवर पांढरे किंवा हिरवट सुकलेले डाग दिसले, तर तिथून थेंब थेंब पाणी जाते. गरम इंजिनावर ते लगेच सुकते, म्हणून खाली जमिनीवर ओल सापडतेच असे नाही.

पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक असते. आतले सील झिजले, की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावे, यासाठी ते मुद्दाम ठेवलेले असते. तिथून ओघळ दिसला, तर पंप बदलण्याची वेळ आली आहे. ते भोक बुजवून गळती थांबवण्याचा खटाटोप करू नये. पट्टा काढून पुली हाताने हलवून पाहावी आणि ती डगमगत असेल, तर बेअरिंग गेले आहे. पट्टा मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे.

गाडीच्या आत डॅशबोर्डखालची चटई ओली आणि गोडसर वास येत असेल, तर हीटरच्या रेडिएटरची गळती आहे. कोकणात हीटर कुणी लावत नाही, त्यामुळे त्याची झडप आणि पाइप कधी तपासलेच जात नाहीत.

राहिले हेड गॅस्केट. गार इंजिन सुरू करून झाकण उघडे ठेवले असता पाण्यातून सतत बुडबुडे येत राहणे, सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच होज पाइप दगडासारखा कडक होणे, गळती नसताना पाणी घटणे आणि सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहणे, ही त्याची लक्षणे होत. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला, तर मात्र लगेच धसका घेऊ नये. पावसाळ्यात जी गाडी रोज बाजारापर्यंतच जाते, तिच्यात दमट हवेचे पाणी साचूनही असा चिकटा धरतो. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल, तरच संशय पक्का करावा.

निचरा आणि धुलाई

रेडिएटरच्या तळाशी असलेला ड्रेन कॉक जुन्या गाडीत बहुधा जाम असतो. त्याच्यावर जोर केला, तर तो तुटतो. त्यापेक्षा खालचा होज पाइप काढावा आणि पाणी टबात घ्यावे. जुने कूलंट अंगणात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नये. त्यातले एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. मांजर, कुत्रे किंवा वासरू ते चाटते आणि थोड्याशा प्रमाणातही त्याचे मूत्रपिंड निकामी होते. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्यावे.

मग पाइप पुन्हा जोडून साधे स्वच्छ पाणी भरावे, हीटरचा खटका गरम बाजूला करावा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे वरचा पाइप अचानक गरम होईपर्यंत, इंजिन चालवावे, पूर्ण निवू द्यावे आणि पुन्हा निचरा करावा. पाणी नितळ येईपर्यंत हे करावे लागते आणि यात घाई चालत नाही. गंज फार असेल, तर रेडिएटर काढून उलटा धुवावा, म्हणजे खालच्या तोंडातून बागेच्या पाइपने मंद पाणी सोडून वरच्या तोंडातून बाहेर येऊ द्यावे. अडकलेला गाळ आल्या वाटेने परत निघतो. बाहेरची जाळी इंजिनाकडच्या बाजूने समोरच्या दिशेला धुवावी, म्हणजे लाल धूळ, किडे आणि गवताची बोंडे समोरून बाहेर पडतात. प्रेशरने पाणी मारले, तर पत्रे आडवे पडून वाऱ्याची वाट बंद होते. शेवटची खळखळ डिस्टिल्ड पाण्याने करावी, कारण बरेच पाणी ब्लॉकमध्ये शिल्लक राहते आणि तेच नव्या कूलंटमध्ये मिसळते.

पितळ-तांब्याच्या जुन्या रेडिएटरची गळती रेडिएटरचा कारागीर डाख देऊन बुजवू शकतो. प्लॅस्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर तडकला, तर नवा घेणेच शहाणपणाचे. गळतीवर हळद टाकण्याचा रस्त्यावरचा तोडगा सर्वांना ठाऊक आहे. अडचणीच्या वेळी ती भोकाशी साचते आणि गाडी घरापर्यंत येते, पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचते. ती टाकलेली असेल, तर घरी पोहोचल्यावर संपूर्ण धुलाई केल्याशिवाय गाडी पुन्हा बाहेर काढू नये.

होज पाइप आणि थर्मोस्टॅट

रेडिएटरच्या तोंडाला चिकटून बसलेला जुना पाइप पिळून ओढला, तर तोंडच वाकते किंवा तुटते. तो बदलायचाच असल्यामुळे ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि साल सोलावी तसा काढावा. तोंडावरचा पांढरा थर पॉलिश पेपरने घासून धातू गुळगुळीत करावा. नव्या पाइपमध्ये क्लिप आधी ओवून घ्यावी, पाइप तोंडावरच्या उंचवट्याच्या पलीकडे पूर्ण सरकवावा आणि क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसवून आवळावी. रबर क्लिपच्या फटींतून वर येऊ लागले, तर आवळणे जास्त झाले. खालच्या पाइपमध्ये मूळची तारेची स्प्रिंग असेल, तर ती फेकू नये. पंपाच्या ओढीने पाइप आत चपटा होऊ नये, म्हणून ती असते.

थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट लहान असतात आणि ॲल्युमिनियममध्ये गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर स्प्रे मारून ठेवावा, सकाळी पाना लावून थोडे घट्ट आणि थोडे सैल असे मागे-पुढे करत काढावेत. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, आणि पाणी तापवत थर्मामीटर पाहावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास झडप हलू लागली पाहिजे आणि पाणी उकळीला येईपर्यंत ती काही मिलिमीटर पूर्ण उघडली पाहिजे. गार केल्यावर ती पुन्हा घट्ट मिटली पाहिजे. स्वयंपाकाचे पातेले मात्र यासाठी वापरू नये.

‘इकडच्या हवेत व्हॉल्व्ह लागत नाही’ असे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला नवशिक्याला हमखास मिळेल. तो मानू नये. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन पावसाळ्यात सपाट रस्त्यावर नीट तापतच नाही, इंधन जास्त खाते आणि त्याच्या ऑइलमध्ये गाळ धरतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बगलेची दुसरी वाट बंद करतो. तो नसला, की पाणी रेडिएटरला टाळून त्याच वाटेने फिरते आणि गाडी आणखी तापते. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी तापायची थांबली, तर मूळ दोष झाकला गेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नवा बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि हवा जाण्यासाठी असलेले बारीक भोक वरच्या बाजूला ठेवावे. जुन्या गॅस्केटचे तुकडे धातूला ओरखडा न पाडता खरवडून काढावेत आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत.

पंखा

पंख्याचा जोड काढून त्याला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्यावेत. पंखा जोरात फिरला, तर मोटर चांगली. मग फ्यूज, रिले (पंख्याचा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा खटका) आणि रेडिएटरवरचा स्विच तपासावा. स्विचला दोन तारा असतील, तर त्या काढून चावी चालू असताना एकमेकींना जोडाव्यात. पंखा सुरू झाला, तर स्विच खराब आहे, आणि न झाला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा रिलेत आहे. किनाऱ्यावर नवा स्विच घेण्यापूर्वी जोडांचे हिरवे झालेले पितळ घासून पाहावे, कारण पुष्कळदा दोष तेवढाच असतो. पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या गाडीत हे काम नसते. तिथे पट्टा आणि पंख्याची पाती पाहिली, की झाले.

कूलंट भरणे आणि हवा काढणे

घट्ट कूलंट असेल, तर ते आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. कूलंटचे प्रमाण एक तृतीयांशाच्या खाली गेले, तर गंजरोधाला अर्थ राहत नाही. तयार मिसळलेल्या कूलंटमध्ये पाणी घालू नये. लहान गाडीत साधारण ३ ते ५ लिटर द्रव मावतो. निरनिराळ्या जातींची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत, आणि नुसता रंग पाहून जात ठरवू नये, कारण प्रत्येक कंपनीचा रंग सारखा नसतो. बाटलीवरचा मजकूर वाचून घ्यावा.

भरताना आत अडकलेली हवा ही नवशिक्याची मोठी डोकेदुखी असते. हवेचा बुडबुडा हेडमध्ये राहिला, तर तिथला धातू पाण्यावाचून तापतो आणि काटा एकाएकी वर-खाली होतो. कोकणातल्या उताराच्या अंगणाचा इथे चांगला उपयोग होतो. गाडीचे तोंड चढाकडे करून, हँडब्रेक लावून आणि मागच्या चाकांना ओंडके देऊन उभी केली, की रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहते. हीटर गरम बाजूला ठेवावा आणि नरसाळ्याने सावकाश भरावे. अधूनमधून वरचा पाइप हाताने दाबत राहावे, म्हणजे बुडबुडे वर येतात. मग बॅटरीची तार जोडून झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करावे. पंख्यापासून हात आणि सैल कपडे दूर ठेवावेत. थर्मोस्टॅट उघडला, की पातळी एकदम खाली जाते. तेवढी भर घालून लगेच झाकण लावावे. यानंतर विजेवरचा पंखा आपोआप दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे आणि काट्यावर लक्ष ठेवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, झाकण उघडून रेडिएटर तोंडोतोंड भरलेला आहे का ते पाहावे आणि बाटलीतल्या पातळीवर पेनने खूण करावी. पहिले चार-पाच दिवस गावातल्या गावातच फिरावे. क्लिपा गरम-गार होऊन किंचित सैल पडतात, म्हणून त्या एकदा पुन्हा आवळाव्यात. खूण हलली नाही, तरच गाडी घाटावर न्यावी. साधे हिरवे कूलंट दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरनंतर बदलावे लागते, तेव्हा बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी.

हेड गॅस्केट बदलणे, तडकलेल्या हेडची तपासणी आणि टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या दातेरी पट्ट्यावर) चालणारा पंप ही कामे घरी करू नयेत. हेडची पातळी मोजायला यंत्रशाळा लागते, आणि टायमिंग बेल्ट एक दात जरी चुकला, तरी इंजिन नीट चालत नाही, काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. अशा वेळी गॅरेजमध्ये जाताना आपण केलेल्या तपासण्या सांगाव्यात: पाणी किती दिवसांत किती घटते, बुडबुडे येतात का, गाडी कोंडीत तापते की चढणीवर. एवढी माहिती मिळाली, की चांगला मेकॅनिक थेट दोषाच्या जागी हात घालतो.